विषयाच्या तासाला परकी भाषा : महाविद्यालयीन शिक्षकांसाठी एक व्यावहारिक मार्गदर्शन

पदवीच्या वर्गात ‘आयगेन व्हॅल्यू’ शिकवली जाते तेव्हा बऱ्याच विद्यार्थ्यांची अशी समजूत असते की आयगेन नावाचे कोणी गणिती होऊन गेले असावेत आणि त्यांच्या नावावरून ही संज्ञा पडली असावी. (मानफ्रेड आयगेन हे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ खरोखरच होऊन गेले, त्यामुळे ही समजूत हसण्यावारी नेण्यासारखी नाही, परंतु त्यांचा या संज्ञेशी संबंध नाही.) ‘आयगेन’ हे जर्मन भाषेतील रोजच्या वापरातले विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘स्वतःचे’ किंवा ‘अंगचे’ असा होतो. एखादे रूपांतरण लागू केल्यावर इतर सदिश (व्हेक्टर) भलतीकडे वळतात, पण काही सदिश आपली रेषा सोडत नाहीत, केवळ लांबतात, आखूडतात किंवा उलटतात. ते त्या रूपांतरणाचे ‘अंगचे’ सदिश, आणि ते किती पट लांबले किंवा आखूडले हे सांगणारा आकडा म्हणजे आयगेन व्हॅल्यू. एवढे सांगितल्यावर फळ्यावरचे समीकरण तेच राहते, पण ते कशाबद्दल आहे हे वर्गाला एकदम दिसू लागते. सांगायला दोन मिनिटे लागतात आणि त्यासाठी शिक्षकाला जर्मन बोलता येण्याची गरज नसते.

विद्यापीठीय विषयांमध्ये परकी भाषा आणि संस्कृती मिसळण्याची जी पद्धत पुढे मांडली आहे तिचे बीज या दोन मिनिटांत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरासाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन या भाषांचा नावानिशी उल्लेख झाल्यापासून महाविद्यालयांमध्येही परकी भाषांविषयी उत्साह दिसतो. तो उत्साह बहुतेक ठिकाणी संध्याकाळच्या प्रमाणपत्र वर्गापाशी थांबतो. असे वर्ग उपयोगाचे असतात, यात शंका नाही. मात्र अर्थशास्त्राचा विद्यार्थी संध्याकाळी जर्मन शिकतो आणि सकाळी अर्थशास्त्र, आणि या दोन तासांची एकमेकांशी गाठ कधीच पडत नाही. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाने १९९१ साली ही गाठ घालून देणारा एक उपक्रम सुरू केला. तेथे इतिहास, व्यवस्थापन किंवा समाजशास्त्राचा मूळ अभ्यासक्रम इंग्रजीतच शिकवला जातो, पण ज्यांना दुसरी एखादी भाषा थोडीफार येते अशा विद्यार्थ्यांचे छोटे अभ्यासगट त्याच विषयाचे साहित्य त्या भाषेत वाचतात, आणि हे गट चालवणाऱ्यांमध्ये परदेशांतून आलेले पदव्युत्तर विद्यार्थी असतात. आपल्याकडे तेवढी यंत्रणा उभी करणे सहसा शक्य नसते. परंतु त्यामागचे तत्त्व, म्हणजे भाषा विषयाच्या पोटातून यावी, हे कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयात पाळता येते.

पहिले काम : जागा शोधणे

कोणती भाषा घ्यावी या प्रश्नापासून सुरुवात करू नये. आपल्या अभ्यासक्रमात अशी जागा कोठे आहे की जेथे केवळ इंग्रजी किंवा मराठी अनुवादावर भागवल्यामुळे विषयच थोडा कमी समजतो, या प्रश्नापासून सुरुवात करावी. ती जागा सापडली की भाषा आपोआप ठरते. अभ्यासक्रमाची प्रत हातात घेऊन एक दुपार खर्च केली, तर अशा चार-पाच जागा बहुतेक प्रत्येक विषयात निघतात, आणि त्यांपैकी पहिल्या वर्षी एकच घ्यावी.

काही जागा एका शब्दाएवढ्या असतात. रसायनशास्त्रात द्विबंधाभोवतीच्या रचनेला ‘ई’ आणि ‘झेड’ ही अक्षरे लावतात. ती ‘एन्टगेगेन’ म्हणजे ‘विरुद्ध’ आणि ‘त्सुझामेन’ म्हणजे ‘एकत्र’ या जर्मन शब्दांची आद्याक्षरे आहेत, हे कळल्यावर पाठांतराचे काम संपते. भौतिकशास्त्रातील ‘ब्रेम्सश्ट्रालुंग’ हा विद्यार्थ्यांना धडकी भरवणारा शब्द फोडून पाहिला तर त्यात ‘ब्रेक लावणे’ आणि ‘प्रारण’ एवढेच असते, आणि इलेक्ट्रॉनचा वेग कमी होताना प्रारण बाहेर पडते ही सगळी प्रक्रिया त्या नावातच सांगितलेली असते. अर्थशास्त्रात याहून खोल जाणारा शब्द म्हणजे ‘शुल्ड’. जर्मन भाषेत या एकाच शब्दाचा अर्थ ‘अपराध’ असाही होतो आणि ‘कर्ज’ असाही. २००९ नंतरच्या काळात ग्रीसच्या कर्जावरून युरोपात जो वाद झाला त्यातील नैतिक सूर समजावून सांगताना हा शब्द अनेकांनी पुढे केला. येथे मराठी वर्गाकडे स्वतःचे सामान आहे. आपल्या ‘ऋण’ शब्दात देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आहे, सावकाराचे देणे आहे आणि वजाबाकीचे चिन्हही आहे. पण त्यात अपराध नाही, जन्माबरोबर आलेले कर्तव्य आहे. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात हे दोन शब्द शेजारी लिहून, कर्ज बुडवणाऱ्या देशाकडे हे दोन समाज कोणत्या नजरेने पाहतील, असा प्रश्न टाकला तर सार्वजनिक वित्तावरची चर्चा पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे जाते. एका शब्दावरून आख्ख्या समाजाचा स्वभाव काढण्याचा मोह मात्र विद्यार्थ्यांना तेथेच दाखवून द्यावा. शब्द हा पुरावा असतो, निकाल नव्हे.

काही जागा एखाद्या मूळ कागदाच्या असतात. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली आइनस्टाइन यांना पाठवलेला इंग्रजी लेख आइनस्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये अनुवादित करून ‘त्साइटश्रिफ्ट फ्युअर फिझिक’ या नियतकालिकात छापवला आणि शेवटी अनुवादक म्हणून दोन-चार ओळींची टीप जोडून ही एक महत्त्वाची प्रगती असल्याचे म्हटले. सांख्यिकीय भौतिकशास्त्राच्या तासाला तेवढी टीपच वाचावी, सबंध लेख नको. वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माण आणि आयुर्वेद यांच्यासाठी गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यांचा ग्रंथ आहे. तो १५६३ साली गोव्यात पोर्तुगीज भाषेत छापला गेला. तो संवादरूपात आहे, म्हणजे दोन वैद्य एकेका औषधीबद्दल प्रश्नोत्तरे करतात, आणि म्हणूनच तो नवशिक्या वाचकालाही तुकड्या-तुकड्यांनी घेता येतो. ऑर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे वैद्य म्हणून काम करीत आणि त्या दरबारातील अनुभव ते ग्रंथात सांगतात. तेव्हा अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयाला हा ग्रंथ परका वाटण्याचे काहीच कारण नाही. त्यातील स्थानिक नावे ओळखा, आजची शास्त्रीय नावे शोधा आणि वर्णन जुळते का ते तपासा, एवढा प्रकल्प एका सत्राला पुरतो. मृत्यूनंतर इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणाऱ्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, १५८० साली त्यांची हाडे उकरून जाळली ही हकीकतही सांगावी, कारण एका ज्यू वंशाच्या वैद्याला गोव्यात कोणत्या सावधगिरीने लिहावे लागले असेल याचा विचार केल्याशिवाय त्या ग्रंथातील मौने वाचता येत नाहीत.

एक सविस्तर उदाहरण : विधी शाखेचा वर्ग

माझ्या पाहण्यात या पद्धतीला सर्वांत चांगला लागणारा विषय कायदा हा आहे, आणि कारण सरळ आहे : कायद्यात शब्दाचा अर्थ बदलला की माणसाचा हिस्सा बदलतो. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८६९ च्या फर्मानाने समुद्रापलीकडील प्रदेशांना लागू झाली आणि १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आली. १९६१ नंतरही तेथील कौटुंबिक कायद्याचा पाया तीच राहिला. वारसाहक्कासाठी गोव्याच्या विधानसभेने २०१२ मध्ये नवा कायदा केला तरी त्यातील संकल्पना जुन्याच चौकटीतल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली असा निर्णय दिला की अधिवासाने गोवेकर असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील मालमत्तेच्या वारसालाही हाच कायदा लागू होईल. त्या प्रकरणातील मालमत्ता मुंबईत होती. म्हणजे सावंतवाडी, कोल्हापूर किंवा मुंबईत वकिली करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासमोर हा कायदा केव्हाही येऊ शकतो.

या पाठासाठी तीन पोर्तुगीज संज्ञा पुरेशा आहेत. पहिली ‘कोमुन्यांव द बेन्स’, म्हणजे मालमत्तेची सामाईकता : विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती आणि पत्नी यांची सर्व मालमत्ता, वारशाने येणारीसुद्धा, दोघांची मिळून होते. दुसरी ‘मेआसांव’, म्हणजे त्या सामाईक मालमत्तेतील प्रत्येकाचा अर्धा वाटा. तिसरी ‘लेजितिमा’. ही तिसरी संज्ञा जाणीवपूर्वक शेवटी ठेवावी, कारण ती फसवते. इंग्रजीच्या सवयीने विद्यार्थी तिचा अर्थ ‘कायदेशीर’ किंवा ‘औरस’ असा लावतात आणि ‘लेजितिमा मिळालेला वारस’ म्हणजे औरस संतती असे उत्तर लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात ‘लेजितिमा’ म्हणजे मृत व्यक्तीला मृत्युपत्राने कोणालाही देऊन टाकता येत नाही असा, जवळच्या वारसांसाठी राखलेला निम्मा भाग.

पाठ असा चालवावा. आधी कोणतेही भाषांतर न देता एका काल्पनिक कुटुंबाचे प्रकरण द्यावे : पती-पत्नी, दोन मुले, म्हापशाचे घर, मुंबईतील सदनिका, आणि सर्व काही धाकट्याला देणारे पतीचे मृत्युपत्र. विद्यार्थ्यांनी ते प्रथम हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या नजरेने सोडवावे, जेथे स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने संपूर्णपणे देता येते. मग मुस्लिम वैयक्तिक कायद्याच्या, जेथे साधारणपणे एक-तृतीयांशाची मर्यादा आहे. आणि शेवटी तीन संज्ञांचा अर्थ कळल्यावर गोव्याच्या कायद्याने. तिसऱ्या फेरीत पतीची ‘सर्व’ मालमत्ता आधी अर्धी होते, कारण अर्धी त्याची नव्हतीच, आणि उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा निम्मा भाग त्याच्या हाताबाहेर असतो. त्याला इच्छेप्रमाणे देण्यासारखा एकूण मालमत्तेचा चौथा हिस्सा उरतो. हे गणित फळ्यावर आले की वर्गात पुढचा प्रश्न आपोआप निघतो : विवाह म्हणजे काय याविषयी या तीन कायद्यांच्या मनात कोणते चित्र आहे? भाषेतून संस्कृतीकडे जाण्याचा रस्ता हा असा असतो. स्त्रीधनाची कल्पना आणि सामाईकतेची कल्पना यांची तुलना करणारे दोन पानांचे टिपण गृहपाठ म्हणून द्यावे.

मजकूर तयार करताना

मजकूर लहान असावा. १० ते १२ ओळींपेक्षा अधिक मजकूर पहिल्यांदा देऊ नये. उत्साही शिक्षक येथेच चुकतात. मीही पहिल्या वर्षी दोन पाने वाटली होती आणि तास संपला तेव्हा वर्ग पहिल्या परिच्छेदाच्या मध्यावर अडकलेला होता. मजकुराबरोबर १५ ते २० शब्दांची यादी द्यावी आणि तिच्यात उच्चार देवनागरीत लिहावा. परकी लिपी असेल तर मूळ मजकूर, देवनागरी लिप्यंतर आणि शब्दशः अर्थ अशा तीन ओळी एकाखाली एक छापाव्यात. या शब्दशः अर्थाची मराठी ओबडधोबड असली तरी चालते, किंबहुना तशीच असावी, म्हणजे मूळ वाक्याची घडण दिसते. सुबक अनुवाद शिक्षकाकडे झाकून ठेवावा आणि तासाच्या शेवटी काढावा.

विद्यार्थ्यांना मजकुरात काहीतरी ओळखीचे सापडेल अशी खात्री करून घ्यावी. पोर्तुगीजच्या बाबतीत हे फार सोपे आहे. बटाटा, पाव, चावी, पगार, बादली, लिलाव, घमेले, तुरुंग, बिजागरी, हापूस : या शब्दांचा पोर्तुगीजशी असलेला संबंध सांगून सुरुवात केली की ‘आपल्याला या भाषेचे दोन-तीन डझन शब्द आधीच येतात’ असा धीर वर्गाला येतो. फारसीबद्दल तर बोलायलाच नको. अर्ज, वकील, तारीख, महसूल, दिवाणी आणि फौजदारी यांच्याशिवाय तहसील कार्यालयाचा एक दिवस जाणार नाही. यांपैकी बरेचसे शब्द मूळचे अरबी असून फारसीच्या वाटेने आले, हेही सांगावे.

या ओळखीचा धोकाही दाखवावा. ‘वतन’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. फारसी आणि उर्दू वाचकाला त्यात जन्मभूमी ऐकू येते; मराठेशाहीच्या कागदांत वतन म्हणजे पिढीजात हक्क, पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी. वर्गातील उर्दू माध्यमातून आलेली विद्यार्थिनी आणि कुळकायद्यावर वाचन केलेला विद्यार्थी यांना या एका शब्दावर समोरासमोर बसवले, तर मध्ययुगीन जमीनव्यवस्थेवरचा तास अर्धा तेच घेतात. लोकप्रशासनाच्या वर्गात याच्याच उलट दिशेचे उदाहरण घ्यावे : शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला, पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सरनौबताला सेनापती अशी संस्कृत नावे दिली, आणि तरीही पुढे लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले. राज्यसंस्थेने ठरवलेली भाषा आणि कचेरीत चालणारी भाषा यांतील अंतर यावर त्यानंतर फारसे व्याख्यान द्यावे लागत नाही.

मदत कोणाची घ्यावी

विषयशिक्षकाला परकी भाषा येत नसेल, आणि बहुधा ती येत नसतेच, तर त्याने ते वर्गात मोकळेपणाने सांगावे आणि जोडीदार शोधावा. पुण्यात असाल तर विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग, माक्स म्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेज हाताशी आहेत. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. या संस्थांना ‘आमच्याकडे भाषा शिकवा’ असे पत्र पाठवण्याऐवजी १० ओळींचा मजकूर आणि तीन नेमके प्रश्न पाठवावेत. भाषाशिक्षकाला आपण काय मागत आहोत हे कळले की प्रतिसादही लवकर येतो. दोघांनी एकदा प्रत्यक्ष भेटून मजकूर ओळीने वाचावा, कारण भाषाशिक्षकाला विषयाच्या संज्ञा ठाऊक असतातच असे नाही आणि त्याने दिलेला शब्दकोशातील अर्थ विषयात चुकीचा ठरू शकतो.

बाहेर पाहण्याआधी वर्गातच पाहावे. पहिल्या आठवड्यात एक कागद फिरवून घरी कोणती भाषा बोलतात, कोणती लिपी वाचता येते आणि आजी-आजोबांना कोणती येत होती हे विचारावे. कोकणी, कन्नड, दखनी, सिंधी अशा भाषा तर निघतातच, पण उर्दूमुळे फारसी छापील मजकूर अडखळत का होईना वाचू शकणारे विद्यार्थी आपल्या समोर बसलेले असतात आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. पुण्यासारख्या शहरात इराण, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतील देशांमधून आलेले विद्यार्थीही असतात. त्यांना सहवाचक म्हणून बोलवावे आणि त्या कामाचे रीतसर मानधन किंवा प्रमाणपत्र द्यावे. दोन पथ्ये मात्र पाळावीत. अफगाण विद्यार्थ्याची मातृभाषा दरी (अफगाणिस्तानातील फारसी) असली म्हणून त्याला १७ व्या शतकातील शिकस्ता या घाईच्या, जोडून लिहिण्याच्या वळणाचे फारसी हस्तलिखित वाचता येईल असे गृहीत धरू नये; ते वाचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आपल्याकडे मराठी येणाऱ्या प्रत्येकाला मोडी येत नाही तसेच. आणि त्याला आपल्या देशाचा राजदूत बनवू नये. ‘तुमच्याकडे स्त्रियांचे काय?’ असा प्रश्न प्रत्येक तासाला झेलावा लागला तर तो चौथ्या तासाला येत नाही, आणि त्याचे बरोबरच असते.

प्रत्यक्ष तास

शक्य असेल तर दोन तास जोडून घ्यावेत. इतिहासाच्या वर्गासाठी मी वापरलेला नमुना येथे देतो. कॉस्मे द गार्दा याने पोर्तुगीजमध्ये लिहिलेले शिवचरित्र लिस्बन येथे १७३० साली छापले गेले. तासाला केवळ त्याच्या मुखपृष्ठावरील शीर्षक घ्यावे. सुरुवातीला शिक्षकाने किंवा जोडीदाराने ते मोठ्याने वाचावे आणि विद्यार्थ्यांना फक्त नावे ओळखायला सांगावे. ‘सेवाजी’ हा शब्द ऐकताच वर्गात हालचाल होते. मग ते नाव असे का लिहिले गेले असेल यावर पाच मिनिटे द्यावीत, म्हणजे परक्या कानाने ऐकलेले मराठी नाव परक्या वर्णलेखनात कसे उतरते आणि जुन्या कागदांत माणसे व गावे शोधणे का कठीण जाते हे कळते.

त्यानंतर शीर्षकातील दोन विशेषणे घ्यावीत : ‘फामोझो’ आणि ‘फेलिसिसिमो’. पहिले इंग्रजीमुळे कळते. दुसऱ्यासाठी जोड्यांनी शब्दकोश पाहावा. आजच्या पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘अत्यंत आनंदी’ असा निघतो आणि वर्ग गोंधळतो, कारण महाराजांना कोणी ‘अत्यंत आनंदी’ का म्हणावे? येथे शिक्षकाने लॅटिनमधील ‘फेलिक्स’ या शब्दाकडे न्यावे : भाग्यवान, ज्याला दैव साथ देते असा, विशेषतः विजयी सेनानी. आता प्रश्न इतिहासाचा झाला. परका लेखक यशाचे श्रेय दैवाच्या कृपेला देत आहे का, की हा केवळ विजेत्याला लावण्याचा रुळलेला गौरव आहे? मराठी बखरींमध्ये याच यशाचे श्रेय कशाला दिले जाते? विद्यार्थ्यांनी बखरीतील एक उतारा शेजारी ठेवून एक पान लिहावे. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने वाचून मराठ्यांच्या इतिहासात केवढी भर घातली, हे सांगण्याची योग्य वेळ या पानानंतरची आहे. आधी सांगितले तर ते परीक्षेपुरते मुद्दे होतात.

या सगळ्यात यांत्रिक भाषांतराचे काय करावे, असे हमखास विचारले जाते. त्याला बंदी घालणे निरर्थक आहे, कारण फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. उलट तेच साधन तासाला आणावे : प्रत्येक गटाने वेगळ्या साधनातून तोच मजकूर काढावा, उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि जेथे ती एकमेकांशी जुळत नाहीत त्या शब्दांखाली रेघ मारावी. रेघ मारलेले शब्द हेच बहुधा पाठाचे शब्द असतात. जुने वर्णलेखन आणि कायद्याच्या संज्ञा येथे यंत्र अडखळते, आणि ते का अडखळले याचे कारण शोधणे हा स्वतंत्र अभ्यास ठरतो.

संस्कृतीच्या नावाने काय करू नये

एका महाविद्यालयात ‘जपान दिन’ साजरा झाला तेव्हा मी पाहुणा म्हणून गेलो होतो. कागदाचे बगळे होते, किमोनोसारखे काहीतरी नेसलेल्या मुली होत्या, आणि त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर उत्पादन अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत ‘फाइव्ह एस’चा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीचा, फलक लावलेला होता, ज्याच्याकडे त्या दिवशी कोणीही पाहिले नाही. चाकण, रांजणगाव किंवा तळेगावच्या कारखान्यांत नोकरीला जाणाऱ्या मुलांना जपानी संस्कृती भेटणार ती त्या फलकातून.

तेव्हा तो फलकच पाठ म्हणून घ्यावा. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे पाच शब्द. पहिल्या दोहोंत इंग्रजीमुळे गल्लत होते. सेइरी म्हणजे नको ते काढून टाकणे आणि सेइतोन म्हणजे उरलेले जागच्या जागी ठेवणे, हा फरक मराठीत पटकन सांगता येतो. पाचवा शब्द ‘शित्सुके’ सहसा ‘शिस्त’ असा उरकला जातो. जपानी माणसाला त्यात आईवडिलांनी मुलांना लावलेले वळण ऐकू येते, तो लिहिण्याच्या चिन्हात ‘शरीर’ आणि ‘सुंदर’ ही दोन चिन्हे एकत्र आलेली आहेत, आणि शिवणकामात कापड घडीत राहावे म्हणून आधी घालतात त्या कच्च्या टाक्यालाही याच उच्चाराचा शब्द वापरतात. मराठीत याला ‘शिस्त’पेक्षा ‘वळण’ हा शब्द जवळचा आहे. शिस्त वरून लावता येते आणि वळण अंगी लागावे लागते. पर्यवेक्षकाने दंड करून पाचवा ‘एस’ का साधत नाही याचे अर्धे उत्तर या भाषांतरात मिळते.

‘गेम्बा’ हा दुसरा शब्द. व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी त्याला मंत्राचे रूप दिले आहे, पण जपानमध्ये बातमीदार आणि पोलीसही तो वापरतात, घटनास्थळ या अर्थाने. हे कळल्यावर आपल्याकडचा ‘घटनास्थळ पंचनामा’ आठवतो. यंत्रात बिघाड झाला की कार्यालयात बसून कारणे लिहिण्याऐवजी जागेवर जायचे, वस्तू हातात घ्यायची, जे आहे ते पाहायचे आणि पाहणाऱ्यांच्या सहीने नोंदवायचे : विद्यार्थ्यांना कार्यशाळेतील एका बिघाडाचा असा पंचनामा मराठीत लिहायला लावावा. तो अंतर्गत मूल्यमापनासाठी सादर करता येतो.

गुण, श्रेयांक आणि परवानग्या

भाषेला गुण देऊ नयेत. उच्चार किंवा व्याकरण तपासू लागलो की ज्यांना आधीपासून भाषा येते तेच पुढे जातात आणि बाकीचे वर्गातून मनाने उठून जातात. गुण विषयाच्या प्रश्नाला द्यावेत, आणि तो प्रश्न असा असावा की मूळ मजकूर न वाचता त्याचे उत्तर देता येणार नाही : ‘अनुवादात न दिसणारी कोणती गोष्ट मूळ शब्दात दिसली आणि तिच्यामुळे तुमचा निष्कर्ष कसा बदलला?’ निष्कर्ष बदलला नाही असे प्रामाणिक आणि सकारण उत्तर आले तरी पूर्ण गुण द्यावेत.

४ श्रेयांकांच्या विषयाला साधारण ६० तास मिळतात. त्यांतील ४ ते ६ तास या कामाला पुरतात आणि ते अंतर्गत मूल्यमापनाच्या चौकटीत बसवले तर अभ्यासक्रम बदलण्यासाठी अभ्यास मंडळाकडे जावे लागत नाही. दोन वर्षांचा अनुभव आणि तयार मजकूर हाताशी आल्यावर २ श्रेयांकांचा मुक्त वैकल्पिक विषय म्हणून प्रस्ताव द्यावा. तोपर्यंत विभागप्रमुखांना एका पानाची माहिती देऊन ठेवणे पुरेसे आहे. स्वायत्त महाविद्यालयांना ही वाट अधिक सोपी आहे.

प्रत्येक तासानंतर त्याच दिवशी अर्धे पान लिहून ठेवावे : कोणत्या शब्दावर वर्ग अडकला, कोणती ओळ अनावश्यक होती, वेळ कोठे गेला, कोणत्या विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेने मदत केली. मजकूर, शब्दयादी, झाकून ठेवलेला अनुवाद आणि ही टिपणे एका धारिकेत विभागाच्या कपाटात ठेवावीत, स्वतःच्या घरी नव्हे, कारण पुढील वर्षी तो पेपर दुसऱ्या सहकाऱ्याकडे जाण्याची शक्यता असते आणि १० ओळींचा नेमका मजकूर शोधायला त्याला पुन्हा तेवढीच दुपार घालवावी लागू नये.